न बघणारा पाठीराखा

बर्मिंगहॅमच्या किंग्ज हीथ भागात राहणारा शशिकांत हा पर्सिब बांडुंग या इंडोनेशियातल्या फुटबॉल क्लबचा कट्टर पाठीराखा होता, आणि म्हणूनच तो त्यांच्या मॅच बघत नसे. निदान आशियाई स्पर्धांमधल्या तरी नाहीच. जावात संध्याकाळची मॅच सुरू व्हायची तेव्हा इथे दुपारच्या जेवणाची वेळ झालेली असायची. शशिकांत चार घास खाऊन उठायचा, फोन मुद्दाम फ्रीजवर ठेवायचा, जाकीट चढवायचा आणि कॅनन हिल पार्कात जाऊन तळ्याभोवती फिरत राहायचा. आपल्या संघासाठी लोक तोंडं रंगवतात, घसा बसेपर्यंत ओरडतात, शेजाऱ्यांशी भांडतात. शशिकांत बदकं बघायचा. मॅच आता संपली असेल असं वाटलं की घरी यायचा, आणि बांडुंगहून आसेपने काय कळवलंय ते एक डोळा मिटून वाचायचा.

याचं कारण कुणी विचारलं तर तो शांतपणे सांगायचा, "मी पनवती आहे." नोकरदार माणूस आपला हुद्दा सांगतो, तसं.

हा हुद्दा त्याला एका दिवसात मिळाला नव्हता. तो मूळचा इचलकरंजीचा. लहानपणी घरात क्रिकेटची मॅच लागली की जो जिथे बसला असेल त्याने तिथेच बसून राहायचं. विकेट पडली की आधी ‘कोण उठलं?’ अशी चौकशी व्हायची आणि मग ‘कोण आउट झालं?’ अशी. त्याच्या एका काकांना तर भारताची बॅटिंग असली की मागच्या खोलीत बसवून ठेवायचे. तेही बिचारे आनंदाने बसायचे. देशासाठी आपण काहीतरी करतोय असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असायचं. अशा घरातला मुलगा पुढे टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून पश्चिम जावात पुर्वाकार्ताजवळच्या एका सूतगिरणीत लागला, तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर हा कायदाही समुद्र ओलांडून गेला.

मिरजेला नर्सिंग शिकलेली त्याची बायको वीणा गिरणीच्या दवाखान्यात काम करायची. आसेप हा त्याच्या खात्यातला फोरमन, बांडुंगचा, पर्सिबचा निळा शर्ट बायकोला धुवायलाही न देणारा. पंच्याण्णव साली पर्सिब आशियाच्या क्लब स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि त्यांच्या गटाचे सामने चक्क बांडुंगमध्येच ठरले. जपान, कोरिया, थायलंडचे चॅम्पियन क्लब गावात येणार म्हणून गिरणीत कुणाचं कामात लक्ष नव्हतं. आसेपने कुठूनतरी तिकिटं पैदा केली आणि शशिकांतला तिन्ही सामन्यांना नेलं. पर्सिब तिन्ही हरला.

शेवटच्या सामन्यानंतर शशिकांत तोंड पाडून घरी आला. वीणा भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुम्ही गेलात म्हणूनच हरले असतील. पुढच्या वेळी घरी बसा." ती हसली, तोही हसला. पण अशी गंमत करणारा माणूस ती दुसऱ्या दिवशी विसरतो, आणि ज्याची केली तो जन्मभर सांभाळून ठेवतो. वीणाला आपण ते वाक्य कधी बोललो हेसुद्धा पुढे आठवत नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी वीणाला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्यामागून शशिकांत आणि लहानगी लेक आर्या इथे आले. गिरणीचा स्पिनिंग मास्टर इथे बस ड्रायव्हर झाला. शहराला मोठा वळसा घालून निघाल्या जागी परत येणारी अकरा नंबरची बस त्याने वर्षानुवर्षं चालवली, आणि त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. पैसे बरे होते, माणसं ‘टा, ड्राइव्ह’ असे आभार मानून उतरायची, आणि स्टीअरिंग हातात असलं की कुणाचं नशीब बिघडवण्याची भीती नव्हती. दोन हजार पंधरा साली पर्सिब आशियातल्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत, एएफसी कपात, गटात पहिला आला. ते सगळे सामने शशिकांत बस चालवत असताना झाले होते. बाद फेरीच्या दिवशी मात्र त्याने हौसेने रजा टाकली, लॅपटॉप उघडून बसला, आणि हाँगकाँगच्या क्लबने पर्सिबला घरच्या मैदानावर दोन गोलांनी घरी पाठवलं. त्या दिवशी शशिकांतने कानाला खडा लावला.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा माणूस नुसता विक्षिप्त म्हणून सोडून देता आला असता. पण भीतीला फुटबॉल आणि संसार यांतला फरक कळत नाही. आर्याच्या पहिल्या ड्रायव्हिंग टेस्टला तो सोबत गेला, ती नापास झाली. दुसरीला तो घरी बसला, ती पास झाली. झालं. तिच्या ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, निकालाला तो शाळेच्या बाहेर गाडीत बसून राहिला. तिच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी त्याने तिला ‘बेस्ट लक’ म्हणायचंही टाळलं. ज्या गोष्टीत त्याचा जीव अडकलेला असे, तिच्यापासून तो लांब उभा राहायला शिकला. घरात यावर हसायचे. "बाबाला घरी ठेवा, काम होणार," असं आर्या मैत्रिणींना सांगायची. ती आता रीडिंग गावात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि वडिलांच्या या पद्धतीकडे प्रेमाने दुर्लक्ष करायची.

यंदाच्या मोसमात तर शशिकांतच्या शास्त्राला बळच आलं. एएफसी कपाच्या जागी आता नव्या नावाची स्पर्धा होती, आणि तिच्यात पर्सिब पुन्हा गटात पहिला आला. सिंगापूर, मलेशिया, थायलंडचे क्लब मागे राहिले. बांडुंगला आसेपच्या गल्लीत फटाके वाजले. किंग्ज हीथला शशिकांतने यातलं एक मिनिटही बघितलं नव्हतं, आणि मनातल्या मनात त्याने या यशातला आपला छोटासा वाटा उचलून खिशात घातला.

मग जानेवारीत वीणाला मॅमोग्राफीनंतर पुन्हा बोलावलं.

ती निवृत्त नर्स होती, अशा बोलावण्याचा अर्थ तिला समजत होता. दहातल्या बहुतेकींचं काही निघत नाही हेही, आणि उरलेल्यांचं काय निघतं हेही. "सुईने तुकडा काढून तपासायला देणार आहेत," ती भाजी चिरताना म्हणाली. "तुम्ही बरोबर या." शशिकांत हो म्हणाला. तपासणीच्या दिवशी त्याने तिला गाडीतून हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडलं, पार्किंग मिळत नाही म्हणाला आणि निघून गेला. पार्किंग होतं. त्याने गाडी लावली आणि हॉस्पिटलभोवतीच्या रस्त्यांवर तो तिचा फोन येईपर्यंत चालत राहिला. आपण आत जाऊन बसलो तर काय होईल हे त्याला पंच्याण्णव सालापासून ठाऊक होतं. वीणाला वाचवायचा त्याच्याकडे हा एकच उपाय होता आणि तो हे अगदी मनापासून करत होता.

वीणा गाडीत बसली. घराजवळ आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत सगळ्यांचे कोणी ना कोणी होते." शशिकांतने सिग्नलकडे लक्ष असल्यासारखं दाखवलं. आपल्या उपायाचं कारण तिला सांगायचं त्याच्या मनात होतं, पण सांगितलं की उपाय फुकट जातो अशी त्याची समजूत होती.

रविवारी आर्याचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर तिने फोन बाबांकडे द्यायला सांगितला.

"बाबा, मम्मीचा रिझल्ट्सचा अपॉइंटमेंट नेक्स्ट वीक आहे. मी लीव्ह घेते, मी येते."

"तू कशाला येतेस? मी आहे ना."

"तुम्ही आहात, बट आत नाही जात. शी इज हर्ट, बाबा. ती म्हणत नाही, बट मला समजतो."

"मी बघतो," शशिकांत म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून गेला तेव्हा त्याला स्वतःलाच कसंतरी झालं.

त्याच आठवड्यात, निकालाच्या आदल्या दिवशी, पर्सिबचा बाद फेरीतला पहिला सामना थायलंडला होता. शशिकांत नेहमीपेक्षा काळजीने वागला. फोन फ्रीजवर नाही, कपाटात ठेवला. पार्कात गेला तेव्हा गार वारा होता, तळ्यावर फारशी माणसं नव्हती. तो फिरत राहिला आणि फिरता फिरता दोन गोष्टी एकमेकींत मिसळत गेल्या. आज पर्सिब नीट निभावला, तर उद्या वीणाचंही नीट निघेल. असं काही असायचं कारण नव्हतं हे त्याला कळत होतं, तरी पाय त्याच हिशेबाने पडत होते. एकदा कुणीतरी बाकावर मोबाइलवर कसलीशी मॅच बघत होतं, तर तो लांबचा वळसा घालून गेला.

घरी आला. वीणा वर झोपली होती. त्याने कपाट उघडलं, फोन काढला. आसेपचा मेसेज होता. तीन-शून्य. पर्सिब हरला होता.

शशिकांत स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. मग त्याने आसेपला फोन लावला. आसेप आता आजोबा झाला होता, पण शशिकांतला अजून ‘पा शशी’, म्हणजे शशीसाहेब, असंच म्हणायचा, गिरणीतल्या मास्टरला म्हणायचा तसं. दोघं अर्धी इंडोनेशियन आणि अर्धी इंग्रजी अशी त्यांची जुनी भाषा बोलत.

"मी नाही बघितली," शशिकांत पहिल्याच वाक्यात म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. मी घरातसुद्धा नव्हतो."

पलीकडून आसेप हसला. "मी कुठे म्हटलं तुम्ही बघितली म्हणून?"

"मग हरले कसे?"

हसणं थांबलं. हा प्रश्न चेष्टेने विचारलेला नाही हे इतक्या लांबून आसेपच्या लक्षात आलं.

"पा शशी, पापुआचा पर्सिपुरा क्लब एकदा सेमीफायनलला गेला होता. कुवेतच्या क्लबकडून सहा गोल खाऊन बसला. ती बघितली होती तुम्ही?"

"नाही."

"पाडांगचा क्लब तर तुमच्या कलकत्त्याच्या क्लबकडून हरला. ती?"

"नाही बघितली."

"आणि मी शाळेत होतो तेव्हा पालेमबांगचा एक क्लब सगळ्या आशियात तिसरा आला होता. तेव्हा तुम्ही कुठे होता? आमचा देश नकाशात तरी दाखवता आला असता तुम्हाला? आम्ही इतकी वर्षं हरतोय. कधी समोरचे चांगले खेळतात, कधी आम्ही वाईट खेळतो. बांडुंगच्या त्या तिन्ही मॅचना मीपण तुमच्या शेजारीच बसलो होतो. मग माझ्यामुळे का नाही हरले? माझी बायको तर म्हणते, माझ्या शर्टाच्या वासामुळे हरले."

शशिकांत हसला नाही. त्याने उद्याचं सांगितलं. वीणाचं सांगितलं. आपण हॉस्पिटलच्या बाहेर का चालत राहिलो ते आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं.

"मी पुढच्या बुधवारी परतीच्या मॅचला इथल्या स्टेडियममध्ये जाणार," आसेप म्हणाला. "तीन गोल फेडायचे आहेत, बहुतेक फिटणार नाहीत. तरी जाणार. ते आमचे आहेत, म्हणून जायचं."

फोन ठेवल्यावर शशिकांतला हलकं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं होतं. पण त्याला वाटली ती भीती, आणि ती आधीच्या भीतीपेक्षा मोठी होती. पनवती असण्यात एक सोय होती. आपण बघितलं तर वाईट होतं, याचा अर्थ आपण बघितलं नाही तर चांगलं होऊ शकतं. म्हणजे काहीतरी आपल्या हातात आहे. आसेपने ते काढून घेतलं. काकांना मागच्या खोलीतून बाहेर काढलं आणि सांगितलं की तुम्ही आत होता याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. शशिकांत पनवती नव्हता. तो नुसता एक म्हातारा नवरा होता, ज्याच्या बायकोच्या अंगातून काढलेला तुकडा कुठल्यातरी लॅबमध्ये पडला होता, आणि त्याबाबत त्याला काहीही करता येत नव्हतं.

वीणा खाली आली तेव्हा तो तसाच बसला होता. तिने चहा टाकला. तिची पाठ त्याच्याकडे असतानाच त्याने सगळं सांगून टाकलं. समोर चेहरा असता तर जमलं नसतं. बांडुंगचे तीन सामने, तिचं ते वाक्य, लॅपटॉप, आर्याची टेस्ट, हॉस्पिटलभोवतीच्या चकरा, आणि आजचे तीन गोल.

वीणाने गॅस बंद केला. चहा अजून उकळायचा होता.

"म्हणजे तुम्ही मला मॅच समजलात," ती म्हणाली.

त्याने मान हलवून हो म्हटलं.

"मला वाटलं, तुम्हाला बघवत नाही. नाहीतर कंटाळा आला असेल. पेशंटच्या नवऱ्यांचं असं होतं, मी पाहिलंय. इतकी वर्षं मी वॉर्डात दुसऱ्यांच्या नवऱ्यांना खुर्च्या आणून दिल्या. ‘बसा, हात धरा त्यांचा,’ म्हणायचे. आणि माझ्या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली होती." तिचा आवाज चढला नव्हता, पण शशिकांतने तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "आणि ते वाक्य मी म्हटलेलं मला आठवतसुद्धा नाही. एका वाक्यावर तुम्ही तीस वर्षं काढलीत, मला एकदा विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तू हसली असतीस."

"हसलेच असते. बरं झालं असतं." ती त्याच्यासमोर येऊन बसली. "हे बघा. रिझल्ट लागून झालाय. लॅबमध्ये कुणीतरी स्लाइड बघितली, रिपोर्ट टाइप केला, तो कॉम्प्युटरवर आहे. तुम्ही आत बसा, पार्कात फिरा, नाहीतर इचलकरंजीला जाऊन बसा. त्यातलं एक अक्षर बदलत नाही. प्रश्न एवढाच उरलाय, की तो मी एकटीने ऐकायचा का."

मग ती उठली आणि तिने पुन्हा गॅस लावला.

दुसऱ्या दिवशी पार्किंग खरोखरच मिळत नव्हतं. शशिकांतने दोनदा चक्कर मारली, तिसऱ्यांदा एका निघालेल्या गाडीची जागा धरली, आणि दोघं एकत्र आत गेले. वेटिंग रूममध्ये तो तिच्या शेजारी बसला. त्याचे पाय उठायला बघत होते. दर वेळी दार उघडलं की त्याला वाटायचं, अजून वेळ आहे, अजून बाहेर जाता येईल. वीणा मासिक चाळत होती. पानं उलटत होती, वाचत नव्हती.

नाव पुकारलं. आत डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या बाजूला निळ्या ट्यूनिकमधली नर्स, आणि समोर दोन खुर्च्या. नर्सच्या शेजारच्या टेबलावर टिश्यूचा डबा होता. वीणाने तो डबा बघितला आणि शशिकांतने वीणाला तो बघताना बघितलं. डॉक्टरांच्या तोंडून शब्द यायच्या आधीच तिला कळलं होतं.

कॅन्सर होता. डॉक्टर सावकाश, साध्या शब्दांत सांगत होत्या. गाठ लहान आहे, वेळेवर सापडली आहे, ऑपरेशन करू, त्यानंतर रेडिओथेरपी, बरं होण्याची शक्यता चांगली आहे. शशिकांतला सगळं ऐकू येत होतं, पण त्याच्या आत दुसरंच काहीतरी ओरडत होतं. मी आलो. मी आत आलो आणि बघ काय झालं. तीस वर्षांची सवय एका फोनने जात नाही. त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले आणि तो खरोखरच अर्धवट उठला.

वीणाने डॉक्टरांकडे बघत असतानाच त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार पडला होता आणि थरथरत होता. इतक्या वर्षांत शशिकांतने या हाताला सुई धरताना, बाळाला अंघोळ घालताना, भाकरी थापताना बघितलं होतं, पण थरथरताना कधी बघितलं नव्हतं. बघायला तो तिथे नव्हताच कधी. त्याला इतकी लाज वाटली की ओरडणारं सगळं आपोआप गप्प झालं. तो पुन्हा बसला आणि तो हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

वीणाने नर्सच्या पद्धतीने चार प्रश्न विचारले. गाठ कुठल्या प्रकारची, काखेतल्या गाठींचं काय, तारीख कधी. उत्तरं मिळाली. डॉक्टर शशिकांतकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

तिघीही त्याच्याकडे बघत होत्या. त्याने बस ड्रायव्हरच्या त्याच्या साध्या इंग्रजीत विचारलं, "ऑपरेशनच्या दिवशी मला कुठपर्यंत आत येता येईल?"

नर्स म्हणाली, वॉर्डात बसता येईल, आणि नेतील तेव्हा थिएटरच्या दारापर्यंत चालत जाता येईल. त्याच्या पुढे नाही.

"मी तिथपर्यंत येतो," शशिकांत म्हणाला. ते तो मराठीत म्हणाला, कारण ते नर्सला सांगायचं नव्हतं.